फळ्यावरचा उलटा बाण

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. सध्या आरोग्य कार्यालयाच्या व्हरांड्यात, दोन गंजक्या कपाटांमागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. समोर दिसत काही नाही. त्यामुळे जे पाहिले तेच पुन्हा पुन्हा आठवत राहते.

एका सुताराने मला घडवले. फळ्या सांधल्या, रंधा मारला, काळ्या रंगाचे हात दिले आणि म्हणाला, "याच्यावर अक्षर कसं उठून दिसेल!" माझी छाती फुगली. पुढे बरीच वर्षे मी एका शाळेत काढली. बेरजा-वजाबाक्या, चिडवाचिडवी, मागच्या बाकावरून नेम धरून मारलेले खडूचे तुकडे, सारे मी अंगावर घेतले. शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले, तेव्हा माझी रवानगी या कार्यालयात झाली.

मग साथ आली. माझ्यासमोर गणितवाल्या बाई उभ्या राहू लागल्या. विषाणू कसा पसरेल याचे गणित मांडणे हे त्यांचे काम. बाहीला कायम खडू लागलेला, चहा कायम गार झालेला. त्यांनी माझ्यावर तीन चौकोन काढले: 'अजून न झालेले', 'आजारी' आणि 'बरे झालेले'. पहिल्यातून दुसऱ्यात बाण, दुसऱ्यातून तिसऱ्यात बाण. तिसऱ्यातून बाहेर मात्र बाण नव्हता. एकदा बरा झाला तो सुटला, असे तेव्हा सगळेच धरून चालले होते.

बाईंचे गणित बरोबर आले. त्यांनी सांगितले तसे रुग्ण वाढले आणि सांगितले तसे ओसरले. कार्यालयाच्या साहेबांनी मला पाठीमागे ठेवून फोटो काढून घेतले. मी हवेतच होतो.

साथ पुन्हा उसळली आणि वॉर्डात घालायची, अंगभर झाकणारी संरक्षक किट कमी पडू लागली. तेव्हा साहेबांनी माझ्यावरच्या तिसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवले. जे कर्मचारी आजारातून उठलेत त्यांनी नुसता मास्क लावून आत जावे, किट बाकीच्यांना द्यावे, असा हुकूम निघाला. बाईंची थोरली बहीण मोठ्या दवाखान्यात नर्स होती. तिला आजार अगदी सुरुवातीलाच होऊन गेला होता. तीही मास्क लावून आत गेली.

काही दिवसांनी बातम्या येऊ लागल्या. बरे झालेल्यांपैकी कुणाकुणाला पुन्हा ताप येत होता. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खडू उचलला आणि तिसऱ्या चौकोनातून पहिल्याकडे उलटा बाण काढला. खडू इतका दाबला की मोडला.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसले की ओल हळूहळू उडून जाते. आजारातून मिळालेले संरक्षणही तसेच उडत जाते, असे त्या बाणाचे म्हणणे होते. ते किती वेगाने उडते, हे मात्र नक्की कुणाला ठाऊक नव्हते. बाईंनी वेगवेगळे वेग धरून पाहिले. रस्त्यावरच्या माणसाला धोका थोडा होता. पण जो रोज, दिवसभर रुग्णांच्या श्वासात उभा राहतो त्याचा धोका थेंबाथेंबाने साचत होता. ज्याला आजार सर्वांत आधी होऊन गेला, तो सर्वांत उघडा पडला होता.

बाईंनी साहेबांना हाताला धरून माझ्यासमोर आणले.

"नक्की असंच होईल?" साहेबांनी विचारले.

"नक्की नाही सांगता येत. शक्यता मोठी आहे."

"अहो, शक्यतेवर किट कुणाच्या अंगावरून काढू? ज्यांना अजून झालाच नाही त्यांच्या?"

"निदान जे फार आधी बरे झालेत त्यांना वॉर्डाबाहेरचं काम द्या."

"आणि वॉर्ड कोण बघणार? आणखी थोडी माहिती येऊ द्या बाई, मग बोलू."

साहेब वाईट नव्हते. जागरणाने त्यांचे डोळे लाल झाले होते. पण ते निघून गेले.

बाईंनी बहिणीला फोन लावला. "ताई, पाया पडते तुझ्या, सुट्टी टाक."

"आणि माझ्या जागी कोण येईल माहितीये? परवा रुजू झालेली पोर. तिला तर अजून झालेलाच नाही." ताई हसली. "तुझ्या चौकोनांत मी कुठे आहे गं?"

"बरे झालेल्यांत."

"मग राहू दे की तिथंच सुखानं."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाळ माझ्यावर टेकले. मी लाकडाचा. नुसता टेकू तेवढा दिला.

आठवडाही गेला नसेल, ताईला ताप भरला. या वेळी आजाराने पहिल्यापेक्षा जोर धरला. बाई दवाखान्याच्या फाटकापर्यंत जात आणि परत येत, कारण आत कुणालाच सोडत नव्हते. परत आल्या की वेडावल्यासारख्या आकडे बदलून बघत. जणू एखादा आकडा जुळला की ताई उठून बसेल! शेवटी साहेब आले. तोपर्यंत इतर दवाखान्यांतूनही तशीच माहिती आली होती. उलट्या बाणाकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "हुकूम बदललाय. फार आधी बरे झालेले सगळे वॉर्डाबाहेर."

"ताई गेली," बाई म्हणाल्या. "सकाळी."

साहेब खुर्चीत बसले. "तुम्ही घरी जा," ते म्हणाले.

"घरी जाऊन काय करू? माझ्याच चौकोनानं तिला आत पाठवलं." बाईंनी डोळे पुसले. बाहीचा खडू गालाला लागला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि पुढच्या महिन्याचे गणित मांडू लागल्या. रडत होत्या आणि मांडत होत्या.

साथ सरली तशी मला भिंतीवरून उतरवले. मित्रांनो, मला पुन्हा टांगा असे मी म्हणत नाही. हवे तर माझी फळकुटे करा. पण आजारातून उठलेला माणूस दिसला, तर 'याला आता काय होतंय' म्हणून त्याला उघडाच पुढे धाडू नका. त्याला अजून जपायला हवे असते. आणि ते तो स्वतःहून कधीच सांगत नाही.