बारा हातांची वाट

तंजावरचं राज्य खालसा होऊन पंधरा वर्षं झाली, तरी कुंभकोणम्‌च्या कचेरीत मोडी कागद येतच राहिले. ते इंग्रजीत उतरवायचं काम व्यासराजांकडे होतं. वीस वर्षांत त्यांच्या तर्जुम्यात कुणी खोट काढली नव्हती.

मेलकावेरीच्या तुळसाबाईंच्या दाव्यात मात्र घोटाळा झाला. बाईंच्या केळीच्या बागेपासून रस्त्यापर्यंतची वाट जुन्या सनदेत ‘रुंद बारा हात’ अशी नोंदली होती. शेजारचा गोपालकृष्ण म्हणे, ती पायवाटच आहे. व्यासराजांनी ‘हात’ला सरळ ‘हँड’ लिहिलं. इंग्रज लोक घोड्याची उंची ‘हँड’नं मोजतात आणि ते माप अवघं चार इंचांचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दावा ऐकणाऱ्या इंग्रज साहेबानं बारा हातांचे चार फूट धरले. गोपालकृष्णानं कुंपण घातलं, बाईंची बैलगाडी आत अडकली.

निकालाची नक्कल करताना तो आकडा व्यासराजांना खटकला. ‘हँड’ म्हणजे किती, हे साहेबाचा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला विचारलं तेव्हा उलगडा झाला. घरी बायकोनं, अंबुजेनं समजावलं, की निकाल साहेबाचा, तुमचं नाव कुठं येतंय?

सकाळी व्यासराज मेलकावेरीला गेले. विधवा तुळसाबाई, वय साठीपलीकडचं, केळीचा घड डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी चूक सांगितली. बाईंनी घड खाली ठेवला.

“मज वाटलं, वाट गाडीची आहे असं मामंजीच खोटं सांगून गेले,” त्या म्हणाल्या. “महिनाभर त्यांच्या नावे बोटं मोडत होते मी.”

व्यासराज तिथून थेट कचेरीत गेले आणि साहेबापुढं उभे राहिले. चूक आपली, असं स्पष्ट सांगून त्यांनी अंगरख्याची बाही वर केली.

“आमचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साहेब. संस्कृतात हस्त, चोवीस अंगुळांचा. तमिळ माणूस त्यालाच मुळम् म्हणतो, आणि कोपराला मुळंगै.”

साहेबानं आपलाही हात कोपरात दुमडून पाहिला. मग म्हणाला, त्याच्या आजीच्या गावी कापड ‘एल’नं मोजत, आणि कोपराला ‘एल्बो’ म्हणतात ते त्याच शब्दावरून. हे आजवर त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

दावा पुन्हा उघडला. वाट अठरा फुटांची ठरली. कुंपणासाठी तोडलेली बाईंची दोन बकुळीची झाडं काही परत आली नाहीत. व्यासराजांकडून तर्जुम्याचं काम गेलं, त्यांना नकला उतरवायला बसवलं.

त्या आठवड्यात ते मुद्दाम मेलकावेरीवरून घरी गेले. घडांनी भरलेली गाडी वाटेनं येत होती, मागं तुळसाबाई. व्यासराज कडेला सरकून उभे राहिले. बाईंनी गाडी थांबवायला लावली, केळ्यांची एक फणी तोडली आणि त्यांच्या हाती दिली.