बटाट्याएवढा उंचवटा

तपासणीच्या खोलीचं दार उघडायला वीस मिनिटं होती आणि जावई घाम पुसत होता. कपाळाचा घाम त्याने खपवून घेतला असता. पण गुडघेही घामेजले होते, आणि गुडघ्यांना घाम येतो हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

दाराआड दुर्बिणीचा आरसा होता. दीड मीटर रुंद, चार वर्षं घासलेला. सासऱ्यांच्या कारखान्याचा नियम साधा: काचेला हात लागला की आठ तास खोली बंद, मगच मोजायचं. तळहाताच्या उबेनेही काच फुगते. डोळ्याला काही दिसत नाही, यंत्राला मात्र टेकाड दिसतं.

काल जावयाने आरशावरचं कुसळ टिपताना कडेला तळहात टेकवला आणि तासाभरातच मोजणी केली. यंत्राने उंचवटा दाखवला, बटाट्याच्या आकाराचा. पठ्ठ्याने तो बारा मिनिटं घासून सपाट केला, घरी जाऊन दोनदा वाढून घेतलं आणि गाढ झोपला. टेकवलेला हात आठवला तो आज सकाळी, दात घासताना.

उंचवटा खरा असेल तर काम फत्ते. उबेचा असेल तर तिथे आता खड्डा. आणि काच घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

"मामा, समजा तो उंचवटा..."

"समजायचं नाही, जावईबापू. मोजायचं," सासरे म्हणाले.

शेवटच्या तपासणीला मोजणीचं यंत्र बायको चालवायची. तिने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "इतका पांढरा का पडलायस?"

"उजेडामुळे."

"दिवा बंद आहे."

दार उघडलं. पडद्यावर आरशाचं रंगीत चित्र वरून खाली उतरू लागलं. हिरवं, हिरवं, पुन्हा हिरवं. कडेपाशी निळा डाग उमटला. बटाटाच.

"खड्डा," बायको म्हणाली. "चाळीस नॅनोमीटर. केसाचे उभे दोन हजार काप केले तर त्यातला एक."

"हात टेकवला होता मी," जावई म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा.

सासऱ्यांनी दार ओढून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दुर्बिणीत पुढे एक छोटा वाकणारा आरसा असतो. हवेची थरथर पुसायला सेकंदाला हजारदा वाकतो बिचारा. तुमचा खड्डाही पुसेल. कुणाला कळणार नाही."

जावयाला हायसं वाटलं. ते जेमतेम तीन सेकंद टिकलं. मग त्याला तो बिचारा दिसू लागला: कुठल्याशा डोंगरावर, प्रत्येक ताऱ्यासाठी, आधी जावयाच्या हातापुरता वाकून मगच हवेकडे वळणारा. पन्नास वर्षं. ही भीती पहिलीपेक्षा वाईट होती, कारण तिला आठ तासांची मुदत नव्हती.

"अहवालात लिही," तो बायकोला म्हणाला. "खड्डा, चाळीस. माझ्या हाताने."

"म्हणजे बाकीचा अख्खा आरसा चाळीसने खाली आणायचा," सासरे म्हणाले. "तीन महिने. आणि घासणार तुम्हीच."

"मी? पुन्हा हात लावू?"

"पायाने जमत असेल तर बघा."

जावयाने मोरीत जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवले. बोटं निळी पडली तरी काढेना. बायकोने थर्मामीटर त्याच्या तळहातावर धरला.

"अजून गरम आहेस," ती म्हणाली, आणि बर्फाचा दुसरा ट्रे आणायला गेली.