चार मैलांचा मारुती

आमचा लिंबाखालचा मारुती नवसाला पावतो. मी त्याच्याच नवसाची. आई हे माझ्या वर्गशिक्षिकेलासुद्धा सांगते.

शनिवारी एका बोकडाने मारुतीला धडक दिली आणि शेंदराचं जाड कवच गळून पडलं. आत नाक नाही, डोळे नाहीत, उर्दू अक्षरं! सगळे हात जोडून उभे राहिले. तपास करायचं कुणालाच सुचलं नाही, म्हणून तो मी आणि माझ्या आतेभावाने, पियुषने, हाती घेतला. पियुषने आधी बोकडाची जबानी घेतली. तो असाच आहे.

तेलंगणातल्या, तलमडुगुकडच्या आमच्या गावात उर्दू वाचणारे एकच, सत्त्याऐंशी वर्षांचे अमृतराव आबा. निजामाच्या काळात दोन वर्षं शाळेत गेलेले. त्यांना आम्ही लिंबाखाली आणलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "आदिलाबाद, चार मील."

"पण आदिलाबाद तर इथून चौदा मैल आहे," मी म्हणाले. "मैलाचा दगड इकडं आला कसा?"

आबा पुन्हा चष्मा पुसायला लागले. पुसलेलाच चष्मा पुसणारा माणूस काहीतरी लपवतो, म्हणून मी नुसती बघत बसले. शेवटी ते बोलले.

"मी आठ वर्षाचा होतो. आदिलाबादच्या बजारातून येऊन राह्यलो होतो. भागाआत्या गाडीत मांगं बसली, अन् आत्या लय वजनदार. गाडी उलार व्हाची, जू वर जाऊन बैलाच्या गळ्याले फास बसे. मंग बानं रस्त्याचा दगड उपटून पुढं ठेवला, तवा गाडी सरळ झाली. गावात आल्यावर इथंच टाकून देला. सकाळी पायतो तं कोनी शेंदूर लावून गेलतं. बा म्हने, गप राय."

पियुषने वहीत लिहिलं: मारुती म्हणजे आत्याचं वजन.

मला रडू आलं. अकरा वर्षं मी स्वतःला देवाची समजत होते. आणि आईला कळलं तर? मागे वळले, तर आई तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी घेऊन उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

तिने वाटी दगडापाशी ठेवली. मग म्हणाली, "आबाजी, भागाआत्या घरी नीट पोचल्या का?"

"पोचली ना. एक डाव बी पडली नाई."

"मंग तवापासूनच कामाले लागला होता तो," आई म्हणाली आणि तिने शेंदरात बोटं बुडवली.

पियुषची वही ओढून मी त्याची ओळ खोडली. खाली लिहिलं: आत्या पोचली. मीही पोचले. तपास बंद.