न चाळलेली माती

थर पहिला.

सोंड फिरतेय. यंत्राच्या हाताला आम्ही सोंड म्हणतो. ती ओली माती गोल गोल सोडत जाते, थरावर थर चढतो. चंद्रावर माणसं पोचायच्या आधी अशीच एक सोंड तिथलीच माती खाऊन त्यांची खोली बांधणार आहे. आज पाहुण्यांसमोर शेवटची चाचणी. काचेपलीकडे पहिल्या रांगेत माझी लेक बसलीय. त्या खोलीत सहा महिने तीच झोपणार.

थर चौथा.

अकरा महिने माती मी कालवली. काळा दगड भरडून केलेली, चंद्रावरच्यासारखी. आणि रोज, कुणी न सांगता, चाळली. मी गवंड्याच्या घरातली. चाळल्याशिवाय पाणी ओतलं की बाप कान पिळायचा. हात आपोआप चाळणीकडे जातो.

रविवारी लेकीने घरी साहेबांनी लिहिलेला चाचण्यांचा अहवाल वाचून दाखवला. 'माती उचलली तशीच वापरली.' यानात चाळणीच नाही. वजन वाचवलंय.

माझ्या हातातला डाव तिथेच थांबला.

थर सातवा.

सोमवार, साहेबांची केबिन.

"बाई, भिंती उभ्या राहिल्या ना?"

"चाळलेल्या मातीच्या राहिल्या, साहेब. चूक माझी. पण अहवाल बदला."

"तारीख जाहीर झालीय. तुम्ही आपलं कालवायचं बघा."

"तिथं सोंडेत खडा अडकला तर कोण काढणार? तुम्ही?"

"तुमची मुलगी आहे की!"

आणि हसला. हसला मेला!

अजून सातवाच.

मंगळवारी त्याच्या वरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी मला परत ह्याच्याकडेच पाठवलं.

थर नववा.

आज सकाळी चाळणी खुंटीला अडकवली. दोन पोती भरड, जशीच्या तशी. हात शिवशिवत होते. मुठी आवळून उभी राहिले.

थर बारावा.

घर्रर्र. सोंड थरथरली. एका जागी माती साचली, फुगली, भिंतीचं पोट सुटलं आणि अख्खी बाजू भसकन खाली.

साहेब माईक हातात घेऊनच ओरडले, "बाई! आज चाळली नाही का माती?"

सगळ्या हॉलभर ऐकू गेलं.

लेक उठली. "चाळायची असते, साहेब?"

साहेबांनी माईक बंद केला. आता कशाला?

ती दार ढकलून आत आली. साहेबांकडे नाही. माझ्याकडे.

"रविवारी मी वाचत होते तेव्हा तू मला वाढत होतीस, आई. एक शब्द बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, काढू काहीतरी मार्ग."

"आणि गेली असतीस."

रागाने तिच्या नाकपुड्या फुललेल्या, अगदी माझ्यासारख्या. मग वाकली, सोंडेच्या तोंडात बोट घालून खडा उपसून काढला. वाटाण्याएवढा. बोट कापलं. तो तसाच, रक्तासकट, तिने साहेबांसमोरच्या अहवालावर ठेवला.

थर तेरावा.