गल्लीचे कप

निपाणीला महानंदाच्या माहेरच्या गल्लीत सोनेरी काठाचे सहा कप होते. ते नेमके कुणाचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या घरी पाहुणा यायचा, त्या घरी ते पाहुण्याच्या आधी मागच्या दारानं पोचायचे. महानंदाला बघायला आले तेव्हाही चहा त्याच कपांतून गेला. "पाहुण्याला आपली अडचण दाखवू नये," आई म्हणायची.

बंगळूरला बनशंकरीत उभा जन्म गेला, तरी ते वळण सुटलं नाही. नात प्रणिताला डॉक्टरकीला जागा मिळाली. बापाच्या रिक्षाच्या कमाईत फी बसेना, म्हणून मराठी मंडळाकडं मदतीचा अर्ज केला. घर बघायला मंडळाचे रघुनंदन येणार असं कळताच महानंदानं शेजारच्या कस्तुरीकडून वेताच्या खुर्च्या आणल्या, चांदीचं तबक आणलं, कप आणले. स्वतः ठेवणीतली इरकल नेसली.

"आजी, ते आपली गरज बघायला येतायत!" प्रणितानं कपाळाला हात लावला.

"म्हणून काय भुईवर बसवू त्यांना?"

रघुनंदन आले. खुर्च्या, तबक, साडीचा काठ, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. तबकातल्या काजूकतलीला त्यांनी हात लावला नाही.

"कागद एक सांगतात अक्का, घर दुसरंच," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यंदा फार अडलेली मुलं आहेत आमच्याकडं."

प्रणिताचा चेहरा उतरला. महानंदाच्या ओठांवर खरं आलं होतं, पण आईचं ते वाक्य आडवं आलं.

इतक्यात कस्तुरी दारात. "अक्का, स्वल्प घोटाळा झाला. आमच्याकडं पण पाहुणे आलेत. कप द्या, अन् खुर्च्या." मग रघुनंदनांना बघून ती चपापली. "साहेबांची राहू दे. दुसरी नेते."

रघुनंदन उठले. खुर्ची उचलून त्यांनीच कस्तुरीच्या हातात दिली आणि चटईवर मांडी घातली.

"आमच्या संकेश्वरात गल्लीभर एकच भारी सतरंजी फिरायची," ते हसू दाबत म्हणाले. "माझ्या शिक्षणाला मदत द्यायला माणसं आली, तेव्हा आईनं तीच अंथरली होती."

"मग? मिळाली मदत?" प्रणितानं विचारलं.

"कुठली! सतरंजी बघून परत गेले की."

महानंदाला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"आता तुमच्या घरच्या पेल्यात चहा द्या," रघुनंदन म्हणाले.

ती आत गेली. पोचा आलेला स्टीलचा पेला आजवर तिनं कधी पाहुण्यापुढं ठेवला नव्हता. तो पदरानं पुसला आणि काठोकाठ भरला. बाहेर पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.