डिकीतलं माहेर

चनबसप्पांची गाडी सोलापुरात कधी बंद पडली नाही. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या भुसाराच्या दुकानापासून स्टेशनपर्यंत, तिथून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत ती गुमान धावायची. बंद पडायची ती फक्त अक्कलकोटच्या रस्त्यावर, आणि तीही लेकीला सासरी पोचवायला जाताना. महानंदाला आणायला निघाले की गाडी वाऱ्यासारखी. तिला घेऊन सोलापूरला परततानाही तक्रार नाही. पण पोचवायला निघाले की कुंभारी मागं पडते न पडते तोच इंजिन आचके द्यायला लागायचं, आणि वळसंगच्या अलीकडे कुठंतरी गप्प व्हायचं.

गाडी जुनी होती, काळी, एका मिलच्या साहेबाकडून घेतलेली. बहात्तरच्या दुष्काळानंतर धंदा पुन्हा जरा मार्गी लागला, तेव्हा काशम्मानंच हट्ट धरला होता. "लेक अक्कलकोटला दिलीय, एसटीच्या गर्दीत किती लोंबकळायचं?" गाडी दारात आली आणि सहा महिन्यांत काशम्मा गेली. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून घरात चनबसप्पा एकटे, आणि दारात ही गाडी.

पेठेतल्या लोकांना ह्या बंद पडण्याची गंमत वाटायची. "मालक, गाडीलाच पोरीला धाडवत न्हाय बघा," असं कुणीतरी म्हणायचं आणि चनबसप्पा हसून घ्यायचे. पण भर रस्त्यात, डोक्यावर पदर घेतलेली लेक मागच्या सीटवर बसवून बोनेट उघडून उभं राहायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासरी दर खेपेला उशीर. विहिणबाई काय म्हणत असतील?

गाडी बघायचा दस्तगीर मिस्त्री. त्यानं हात टेकेपर्यंत सगळं केलं. आधी कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून साफ केले, फ्लोट हलवून बघितला. मग प्लग बदलले, पॉइंट घासले. गाडी घेऊन तो तुळजापूर नाक्यापलीकडे चांगला लांबवर फिरून आला. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"शेट, ये गाडी में कुछ नहीं है," तो म्हणाला. "गरमीनं पेट्रोलची वाफ व्हत असंल. नळीत वाफ अडकली की कार्बोरेटरला पेट्रोलच पोचत न्हाय. बंद पडली की इंजिनातल्या पंपावर वलं फडकं ठेवायचं. अर्ध्या घंट्यात चालू व्हती का न्हाय बघा."

आणि खरंच व्हायची. ओलं फडकं ठेवायचं, लिंबाच्या सावलीला बसायचं, अर्ध्या तासानं सेल मारला की गाडी चालू. सोलापूरचं ऊन बघता मिस्त्रीचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. चनबसप्पांनी गाडीत पाण्याचा एक पत्र्याचा डबा कायमचा ठेवून दिला.

संक्रांतीला महानंदा माहेरी आली. चार दिवस राहिली आणि परत निघाली तेव्हा सकाळ अशी गार होती, की चनबसप्पांनी मफलर कानावरून दोनदा गुंडाळला होता. टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. आज वाफ व्हायचं काही कारण नव्हतं. कुंभारी गेली. चनबसप्पा मनातल्या मनात सिद्धरामाचं नाव घेत होते. वळसंगच्या अलीकडे इंजिननं पहिला आचका दिला, मग दुसरा, आणि गाडी घरंगळत लिंबाखाली जाऊन थांबली.

चनबसप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मग सवयीनं उतरले, बोनेट उघडलं, फडकं भिजवायला घेतलं.

"अप्पा," महानंदा मागून म्हणाली, "मला थंडीनं हुडहुडी भरलीया. गाडीला कसली आलीय गरमी?"

त्यांनी पंपाला हात लावला, तर तो गार.

"माझी शाल ट्रंकेत हाय. काढून देता का?"

चनबसप्पांनी डिकी उघडली. ट्रंक सगळ्यांत खाली होती. वर ज्वारीचं अर्धं पोतं, तुरीच्या डाळीची पिशवी, शेंगांच्या चटणीची बरणी, लोणच्याची बरणी, कडक भाकरींचा डबा, गूळ, आणि एक नवाकोरा पितळी हंडा. बापलेकीनं मिळून कोपऱ्यातलं पोतं बाजूला ओढलं, आणि आतून कुठूनतरी आवाज आला. हूस्सऽऽ. कुणी लांब श्वास घ्यावा तसा.

दोघंही दचकली.

"साप हाय का काय?" चनबसप्पांनी तिला मागं ओढलं.

साप नव्हता. डिकीच्या कडेनं बोटाएवढी जाड रबरी नळी वर गेलेली होती. पोतं काढलं तरी ती मधोमध चपटी दिसत होती. महानंदानं वाकून बोट लावलं. "ही नळी कशाची?"

"टाकीची. टाकीत हवा जायला. झाकण घट्ट बसतंय नव्हं, म्हणून हवा हितनं घेती ती."

बोलता बोलता ते थांबले. महानंदा त्यांच्याकडे बघत होती.

"मग हवाच न्हाय गेली तर?"

"तर..." ते सावकाश म्हणाले, "पेट्रोल पुढं येणार न्हाय. पंप वढून वढून दमणार. तेल वतताना डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडतंय, तसंच की. अर्धा घंटा थांबलं की जरा जरा हवा झिरपत असंल, म्हणून मग चालू व्हती."

त्यांनी जाऊन सेल मारला. थोडी घरघर झाली आणि इंजिन धडधडायला लागलं. फडकं नाही, अर्धा तास नाही.

"पोतं परत तितंच ठेवा," महानंदा म्हणाली.

"कशाला? आता चालू झालीया तर..."

"ठेवा की अप्पा. बघू तरी."

पोतं होतं तसं ठेवलं. दोन-तीन मैल गेले असतील, वळसंगची घरं दिसायला लागली आणि गाडीनं पुन्हा मान टाकली. ह्या वेळी चनबसप्पांना लाज वाटली नाही, उलट उतरताना पोरासारखी घाई झाली.

"तुमी डिकीपाशी जावा, पोतं उचला," महानंदा म्हणाली. "मी सेल मारते."

"तू?"

"कळ फिरवायची आन पायाखालचं जरा दाबायचं. एवढे दिवस मागनं बघतेच की."

ती पुढे जाऊन स्टिअरिंगमागं बसली. चनबसप्पांनी पोतं उचललं. हूस्सऽऽ. "मार!" ते ओरडले. गाडी चालू झाली, आणि महानंदाच्या डोक्यावरचा पदर केव्हा खांद्यावर आला ते तिला कळलं नाही. रस्त्यानं चाललेला एक बैलगाडीवाला बैल थांबवून हे सगळं बघत होता.

दोघं हसत सुटली. हसता हसता चनबसप्पांच्या ध्यानात आलं, की येताना डिकीत पोरीची नुसती ट्रंक असते. भरते ती जाताना. आपणच भरतो.

"म्हंजे मीच की गं बंद पाडत व्हतो," ते म्हणाले.

महानंदाचं हसू ओसरलं. "अप्पा, एवढं कशाला देता? तिकडं सगळं हाय. मागच्या खेपेची डाळ अजून संपली न्हाय. अत्याबाईंनी तर लोणचं ठेवायला फळीच नवी मारून घेतली."

चनबसप्पांनी मफलरचं टोक उगाच चाचपलं. "तुझी आई असताना ती बांधून द्यायची. काय द्यायची, किती द्यायची, मी कधी बघितलंच न्हाय. आता दुकानात हुभा राहतो आन वाटतं, हे ऱ्हायलं तर? ते ऱ्हायलं तर? मग सगळंच भरतो."

"अव्वा लई थोडं द्यायची," महानंदा आईची आठवण काढत म्हणाली. "पसाभर जवसाची चटणी आन बांगड्या. बाकी सगळा वेळ बडबड. काय खातीस, कुणी बोललं का, कुटं दुखतंय का. तुमी निघाल्यापासून रस्ताच बघत बसता."

"मला न्हाय जमत तसं विचारायला."

"गाडीवर बोललात की आज."

पोतं उचलून त्यांनी मागच्या सीटवर ठेवलं, हंडा त्याच्या शेजारी, बरण्या खाली पायांत. मागं बसायला जागाच राहिली नाही, म्हणून महानंदा पुढे बसली. अक्कलकोटपर्यंत चनबसप्पांनी तिला चोक कधी ओढायचा, क्लच कसा सोडायचा, जेट म्हणजे काय, हे सगळं सांगितलं. मधेच एकदा, रस्त्यावरची नजर न काढता, त्यांनी विचारलं, "तिकडं कुणी बोलत न्हाय नव्हं तुला?" ती म्हणाली, "न्हाय अप्पा. बरं चाललंय." आणि मग आपण होऊन सासरचं बरंच काही सांगत बसली.

दस्तगीर मिस्त्रीनं सगळं ऐकून कपाळावर हात मारून घेतला. "मी रिकामी गाडी फिरवत व्हतो, शेट!" त्यानं नळी वरच्या अंगाला उचलून बांधली आणि तिच्यावर पत्र्याचा आडोसा ठोकून दिला. आता डिकीत वखार ठेवली तरी फिकीर नव्हती. पण पुढच्या खेपेला चनबसप्पांनी भरली फक्त जवसाची चटणी. शेजारच्या मल्लव्वाकडून शिकून स्वतः कुटलेली, जरा जास्तच तिखट झालेली.

आणि वळसंग ओलांडलं की गाडी आपण होऊन थांबू लागली, म्हणजे चनबसप्पा थांबवू लागले. जागांची अदलाबदल व्हायची. पहिल्या दिवशी महानंदानं ती बाभळीत घातली. दुसऱ्या खेपेला सरळ चालवली. गावाची वेस आली की पुन्हा अदलाबदल. वर्षभरानं तिनं सोलापुरात लायसनही काढलं. जावई हसून म्हणाले, "आईला तुम्हीच सांगा."

सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही. पण अक्कलकोट केवढं असं? एका दुपारी चनबसप्पा लेकीला सोडून ओसरीवर चहा पीत बसले होते, तेव्हा विहीण चंद्रव्वा नवी इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आली.

"इवाई, तुमी निवांत बसा. माझी धाकटी बहीण मैंदर्गीला हाय. लई दिवस जायचं म्हणते, एसटीनं पाय सुजत्यात." मग आत तोंड करून, "महानंदा, किल्ली घे."

महानंदा दारातच थिजली. "अत्याबाई, तुमाला कुणी..."

"आख्ख्या गावाला ठावं हाय. फकस्त मलाच कुणी सांगू नका." चंद्रव्वा गाडीपाशी पोचलीसुद्धा. "वाटंत बंद पडली तर काय करशील?"

"बघीन की. मला ठावं हाय कुटं बघायचं ते."

"मग चल. दिवस असंस्तवर परत यायचंय."

चंद्रव्वा पुढेच बसली. सेल बसला, गाडी हलली, गल्लीच्या तोंडाशी जरा अडखळली आणि मैंदर्गीच्या रस्त्याला लागली. चनबसप्पा चहाचा कप हातात धरून कान देऊन ऐकत होते. पहिला गिअर जरा ताणलाच तिनं. दुसरा नीट पडला.

"आता तिसरा टाक, तिसरा," ते पुटपुटले, आणि लांब वळणापाशी तिनं टाकला.