अम्मांच्या पायाहून उंच

‘पायरी बसवायची तर घरातला सर्वांत म्हातारा पाय मोजायचा. स्वल्प, जरासा पाय उचला, अम्मा.’ कल्लाप्पा गवंड्याचे हे शब्द अजून माझ्या कानात आहेत.

मित्रांनो, मी जयनगरातल्या रघुपतीरावांच्या घरची जुनी दगडी पायरी आहे. अंगणातून ओसरीवर चढायला मी एकटीच. हे घर १९५३ साली बांधले. मला बसवले त्या दिवशी रघुपतीरावांच्या आई, अहल्याअम्मा, नव्या तुळशीवृंदावनाला पाणी घालायला आल्या होत्या.

‘लांब हो रे, मी सोवळ्यात आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या कमलेचा पाय मोज. पायाला काय वय असतं?’

एकोणीस वर्षांच्या सूनबाईंनी निऱ्या सावरून पाय उचलला. तो सहज जिथवर गेला, तिथे कल्लाप्पाने खडूची रेघ मारली. तेवढी मी उंच झाले. ‘सरी, बरं,’ तो म्हणाला खरा, पण मान हलवतच गेला.

माझे कौतुक फार झाले. पावसाचे पाणी कधी आत आले नाही. कमलाबाई रोज पहाटे मला धुऊन रांगोळी घालीत. अम्मांचा नेम होता, तुळशीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. रोज त्या माझ्यावरून उतरत. पुढे चौकट धरून उतरू लागल्या. मग बसून, एकेक पाय खाली सोडून. गेल्या आषाढात त्या माझ्यावरच पडल्या. त्यांच्या गुडघ्याचे रक्त माझ्यावरून ओघळले, आणि मित्रांनो, दगडाला बाजूला सरकता येत नाही.

तेव्हापासून त्या दारात बसून तांब्यातले पाणी तुळशीकडे उडवतात. ते माझ्यावरच सांडते. नेम मोडला म्हणून जेवण सुटले. घोटभर दूध घेतात, तेही कमलाबाईंनी हात जोडले तर. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

‘मी उचलून नेतो ना,’ रघुपतीराव म्हणाले.

‘मी काय तांदळाचं पोतं आहे?’

‘मग कुंडीत तुळस लावून आत आणू.’

‘देव उठून माझ्याकडे येणार? बरा मान वाढला माझा.’

कमलाबाई हळूच म्हणाल्या, ‘ह्या पायरीपुढे आणखी एक बुटकी पायरी घातली तर?’

‘दर्शनी दारात ठिगळ? पुढच्या वर्षी बघू,’ रघुपतीराव म्हणाले.

पुढच्या वर्षी! दार बंद झाल्यावर अम्मांचा श्वास मला ऐकू येतो. तो पुढच्या वर्षापर्यंत पुरणारा नाही. मला फोडा, तासा, उखडून टाका, असे मी रोज ओरडते. दगडाचे कोण ऐकतो?

मुलांनो, घर तरुण पायांसाठी बांधू नका. म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. त्याने लाजून, रागावून किंवा सोवळ्यापायी नको म्हटले, तर पुन्हा विचारा. माझ्या वेळी पुन्हा कोणी विचारले नाही.

आज कार्तिकी एकादशी. उद्या तुळशीचे लग्न. ‘उद्या तुम्ही तुमच्या पायांनी उतराल, अम्मा,’ असे कमलाबाईंनी सकाळी देवापुढे सांगितले. अम्मा नुसत्या हसल्या.

रघुपतीराव कचेरीत गेले. पलीकडच्या गल्लीत घराचे काम चालू आहे, तिथून गवंड्यांनी विटा फोडल्याचा आवाज येतो. कमलाबाईंनी पदर खोचला, अम्मांच्या उशाशी पाण्याचे भांडे ठेवले, आणि निर्जळी उपवासाच्या अंगाने माझ्यावरून उतरून त्या आवाजाच्या दिशेने चालू लागल्या.